मी कापलेलं बोट

मी एक जुनी छाटणीची कात्री आहे, मित्रांनो. जवळ या, पण बोटं मागे ठेवा. माझ्या लाल मुठींचा रंग केव्हाच उडाला आहे, स्प्रिंग उठता बसता कुरकुरते, पण पातं अजून असं आहे की त्यावरून माशी चालत गेली तर पलीकडे पोचेपर्यंत तिच्या दोन माश्या होतील. ही बढाई आहे, मला माहीत आहे. पण मी आयुष्यभर कापाकापीच केली, आणि आपल्याला जे येतं त्याची लाज कशाला बाळगायची? लाज वाटावी असं एकच काम माझ्याकडून झालं. तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्मच मारामारीत झाला. आधी मी लोखंडाची एक निमूट पट्टी होते. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. लोहाराने मला भट्टीत कोंबलं, लालबुंद झाल्यावर चिमट्याने बाहेर ओढलं आणि काही न विचारता घणाने बडवायला सुरुवात केली. किती घाव बसले ते विचारू नका, मोजण्याइतकी शुद्ध कुणाला होती? मग तेलात बुडवलं, तेव्हा मी अशी किंचाळले की लोहाराच्या बायकोने आतून विचारलं, "कोण आलंय?" लोहार म्हणाला, "कुणी नाही, कात्री आहे." माझी ओळख अशी झाली. मग चाकावर घासघासून धार काढली, जोडीला दुसरं पातं दिलं, आमच्या पोटातून एक खिळा आरपार ठोकला आणि मला दुकानाच्या काचेत टांगलं.

मला विकत घेतलं ते एका फुलं खरेदी करणाऱ्या माणसाने. त्याचं काम नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. फुलांच्या दुकानदारांना रोज उजाडताना ठोक बाजारात जाणं जमत नाही. म्हणून पाच दुकानांनी मिळून हा एक माणूस धरला होता. तो पाचही दुकानांच्या याद्या घेऊन बाजारात जायचा, पेट्या निवडायचा आणि सात वाजायच्या आत प्रत्येकाच्या दारात फुलं आणि पाला पोचवायचा. त्याने वाईट माल आणला तर पाच दुकानांच्या फुलदाण्या एकाच दिवशी माना टाकणार. त्यामुळे त्याला लोक मान देत आणि शिव्याही देत, दोन्ही भरपूर.

फुलांचा ठोक बाजार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. मंद सुवास, हळुवार बायका, पाकळ्यांवर दव. विसरा. पत्र्याची लांबलचक शेड, पायाखाली घोटाभर पाणी आणि कुजका पाला. सहाला फाटक उघडतं आणि दोनशे माणसं एकमेकांच्या अंगावरून आत घुसतात. लोखंडी गाडे पायांवरून जातात. कोपरं बरगड्यांत बसतात. एकदा लिलीच्या शेवटच्या जुडीवरून एका सभ्य गृहस्थाने दुसऱ्या सभ्य गृहस्थाचा कान चावला होता, आणि दोघांच्याही शर्टाला इस्त्री होती.

आणि फुलांचं काय होतं ते तर कुणी बोलतच नाही. गुलाबाचे काटे खरवडून काढतात. जाड फांद्यांची टोकं हातोडीने ठेचतात, म्हणजे त्या पाणी ओढतील. ज्या देठांतून दूध गळतं त्यांची टोकं ज्योतीवर भाजतात. तुमच्या टेबलावर जे फूल हसताना दिसतं, त्याच्यावर आधी एवढं सगळं गुदरलेलं असतं. त्यातलं निम्मं मी केलेलं आहे.

त्या बाजारात चिठ्ठी नव्हती, सही नव्हती, हातावर हात मारणं नव्हतं. एकच नियम होता. पेटीतलं एक फूल उचलायचं, त्याच्या देठाचा दोन बोटं तुकडा कापायचा आणि तो व्यापाऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात पाडायचा. टुक असा आवाज येतो. व्यापारी ओरडतो, "देठ पडलं." बस. पेटी तुमची. आत सोनं निघो नाहीतर शेण निघो, परत घेत नाहीत.

म्हणून कापण्याआधीच काय ते बघायचं. माझ्या मालकाने आपल्या दोन्ही मुलींना हे शिकवलं. नेच्याची जुडी झटकायची, पानं गळली तर जुनी. बादलीतल्या पाण्याचा वास घ्यायचा. आणि गुलाब असेल तर कळीची मान, म्हणजे पाकळ्या जिथे देठाला चिकटतात तो भाग, बोटांत धरून हळूच दाबायचा. तो म्हणायचा, "नाकाच्या शेंड्यासारखी घट्ट लागली पाहिजे. कानाच्या पाळीसारखी मऊ लागली तर ते फूल आतून गेलं, वरून कितीही नटू दे." मुली लगेच एकमेकींची नाकं आणि कान दाबून बघायच्या. मग दाबण्याचं ओढण्यात व्हायचं, ओढण्याचं मारण्यात. एकदा माझ्यावरूनच जुंपली. मला कोण धरणार यावरून धाकटीने थोरलीची वेणी अशी ओढली की केसांचा झुबका हातात आला. थोरलीने तिच्या दंडाला चावा घेतला. बापाने दोघींना एकेक लगावली आणि मला उंच फळीवर ठेवलं. मी वरून बघत होते. खरं सांगू? मजा आली होती. आपल्यावरून कुणीतरी भांडतंय याची मजा वाटते. लहान होते मी.

पुढे त्याच्या पाठीने दगा दिला. पेट्या उचलणं बंद झालं. तेव्हा त्याने पाच दुकानं आणि मी, असं दोन्ही थोरलीच्या हातात दिलं.

धाकटी म्हणाली, "आणि मला काय?"

तो म्हणाला, "तुझी बोटं हिच्यापेक्षा शहाणी आहेत. पण डोकं फार तापतं. बाजारात आधीच पुष्कळ आग आहे."

धाकटीने समोरची काचेची फुलदाणी उचलली, भिंतीवर फोडली आणि निघून गेली. म्हणजे डोकं तापतं हे तिने तिथल्या तिथे सिद्धच केलं. महिन्याभरात तिने घरासमोरच्या रस्त्यावर स्वतःचं चिमुकलं दुकान काढलं. तीही रोज बाजारात यायची, स्वतःपुरती दोन पेट्या घ्यायची. बाप गेला त्या दिवशी दोघी बहिणी एकाच खोलीत बसल्या होत्या, पण एकमेकींशी बोलल्या नाहीत. चार वर्षं बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या बाजारातल्या हमालदादाच्या तोंडून.

"दादा, त्या बाईंना सांगा, माझ्या पायावरून गाडा नेऊ नका."

"दादा, त्या बाईंना सांगा, एवढे जपायचे असतील तर पाय घरी ठेवून येत जा."

"दादा, त्यांना सांगा, जीभ ठेवली तरी चालेल."

हमालदादा पाठीवर तीन पेट्या घेऊन मध्ये उभा असायचा. एकदा वैतागून म्हणाला, "बायांनो, मी पेट्या वाहतो. तुमचे निरोप फार जड आहेत, मान मोडेल माझी."

मला मात्र थोरलीच्या हातात मानाचे दिवस आले. बाजारात तिला लोक मागून 'करवत' म्हणायचे. ती पेटीपाशी आली की बाकीचे हात मागे घ्यायचे, कारण ती ढकलायची जोरात आणि निवडायची अचूक. मी दर रविवारी दगडावर घासली जायचे, तेलाने पुसली जायचे आणि कातडी पिशवीत झोपायचे. व्यापारी म्हणायचे, "काय पातं आहे." मी फुगायचे. तुम्हीही फुगला असता.

पण शेवटच्या दोन वर्षांत काहीतरी बिनसलं, आणि ते सगळ्यात आधी मला कळलं. थोरली मला फार घट्ट धरायला लागली. बापाच्या हाताखालची धरून वीस वर्षं बर्फगार पाण्यात हात, काट्यांचे हजार टोचे, आणि तिच्या बोटांच्या शेंड्यांतली जाण हळूहळू निघून गेली. बधिर हात नेहमी गरजेपेक्षा जास्त जोराने धरतो, कारण आपण किती धरलंय ते त्याला कळतच नाही. एकदा चहा पिताना तिच्या अंगठ्यात अख्खा काटा रुतला होता. रक्त कपावरून खाली ठिबकत होतं आणि ती आरामात फुंकर घालत चहा पीत होती.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. कसं सांगणार? पाच दुकानं तिच्या बोटांच्या भरवशावर होती. फुलं खरेदी करणाऱ्या बाईची बोटं गेली म्हणजे गायिकेचा गळा गेला. मग ती डोळ्यांनी निवडायची, नाकाने निवडायची, दुसऱ्या कुणी दाबून बघितलं की त्याच्या चेहऱ्याकडे बघून निवडायची. कळीची मान दाबायचं नाटक मात्र रोज करायची. दोन वर्षं निभावलं. मग गारा पडल्या.

लिंबाएवढ्या गारा. अर्धा तास. गुलाबांच्या मळ्यांवर काचेची छपरं होती, ती फुटून आत कोसळली. ज्या कळ्या काचेने चिरल्या नाहीत त्या भिजल्या, आणि भिजलेल्या कळ्या घाईघाईने पेट्यांत भरल्या गेल्या. दोन दिवसांनी बाजारात पांढऱ्या गुलाबांच्या फक्त सहा पेट्या आल्या. एरवी साठ यायच्या. त्या दिवशी एक मोठं लग्न होतं आणि थोरलीच्या पाचही याद्यांवर पांढरे गुलाबच होते.

फाटक उघडायची वाट कुणी बघितली नाही. गर्दीने साखळीच तोडली. थोरलीच्या कपाळावर कुणाची तरी पाटी आदळली, भुवईवर टेंगूळ आलं, तरी ती कोपरं चालवत पुढे घुसत राहिली. पाच पेट्यांची देठं तिच्या डोळ्यांदेखत पडली. टुक, टुक, टुक. सहावी पेटी साखरतोंड्या नावाच्या व्यापाऱ्याकडे होती. नावावरूनच ओळखा. तो माणूस निखाराही बर्फी म्हणून विकेल.

तिथे धाकटी आधीच पोचली होती. ती अंगाने बारीक, कुणाच्याही काखेखालून निसटायची. तिने एक गुलाब उचलला, मान दाबली, तोंड वाकडं केलं, गुलाब पेटीत टाकला आणि वळून चालू लागली. थोरलीने हे बघितलं नाही. ती तेव्हा एका जाड्या माणसाच्या पाठीमागे अडकली होती.

ती पोचली तेव्हा पेटीवर दहा हात झेपावत होते. साखरतोंड्या म्हणाला, "या या. तुमच्यासाठीच मागे ठेवली होती. दुधासारखी पांढरी आहे बघा."

थोरलीने एक गुलाब उचलला. मान दाबली. बोटांना काही कळलं नाही. तिने परत दाबली. वरची रांग पांढरीशुभ्र होती, बिनडागाची. मागून कुणीतरी तिच्या खांद्यावरून हात घालत होतं. बघायला कुणाचा चेहरा नव्हता, विचार करायला वेळ नव्हता. तिने मला उघडलं आणि देठ माझ्या पात्यांत धरलं.

तेवढ्यात धाकटीने मागे वळून बघितलं.

तिने तोंड उघडलं होतं. मी बघितलं. मग तिने ते मिटलं, एक गाडा ओलांडून उडी मारली आणि थोरलीचं मनगट पकडलं.

"सोड," ती म्हणाली. चार वर्षांत हमालाशिवाय बोललेला तो पहिला शब्द.

"हात काढ."

"सोड म्हणते ना."

"माझी पेटी आहे. मी आधी आले."

"ताई, सोड."

थोरलीला वाटलं ही पेटी हिसकावते आहे. कुणालाही तेच वाटलं असतं. तिने कोपर मागे मारलं, ते धाकटीच्या बरगड्यांत बसलं. धाकटी कळवळली, पण मनगट सोडेना. थोरलीने तिच्या नडगीवर लाथ मारली. धाकटीने दुसरा हात पुढे घातला आणि माझ्या पात्यांमधून देठ ढकलून काढायला गेली. आणि थोरलीने मूठ आवळली.

मित्रांनो, देठ कचकन तुटतं, आत ओलं असतं. हाड वेगळं लागतं. पहिल्या क्षणी मला फरक कळला. मी अडले. खरंच अडले. कुठल्याही धडधाकट हाताला ते अडणं जाणवलं असतं आणि तो थांबला असता. पण तिच्या हाताला काही जाणवलं नाही. तिने आणखी जोर लावला.

डब्यात दोनदा टुक वाजलं.

सवयीचा माणूस काय करेल सांगा? साखरतोंड्या ओरडला, "देठ पडलं."

मग सगळं एकदम झालं. वरची पांढरी रांग लाल झाली. धाकटी ओरडली नाही, ती आपल्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे नुसती बघत राहिली. तिथे शेंडा नव्हता. हमालदादाने पाठीवरच्या पेट्या खाली ठेवल्या, अगदी नीट, एकावर एक, आणि साखरतोंड्याच्या थोबाडीत भडकावली. साखरतोंड्याच्या भावाने हमालदादाच्या डोक्यात बादली हाणली. "पेटी चोरत होती ती," असं म्हणून एका बाईने धाकटीलाच ढकललं. दुसऱ्या बाईने त्या बाईच्या झिंज्या धरल्या. गाडे उलटले, निलगिरीच्या जुड्यांनी माणसं माणसांना झोडपायला लागली. ज्यांचं कशाशी काही देणंघेणं नव्हतं तेही हात धुऊन घेत होते, जुनी जुनी भांडणं होती ना सगळ्यांची. हमालदादाने डोक्यातून रक्त वाहत असताना आपला रुमाल काढून धाकटीचं बोट बांधलं आणि तिला उचलून दवाखान्यात नेलं.

थोरली जागची हलली नाही. मी तिच्या मुठीत तशीच, ओली. कुणीतरी तिला म्हणालं, "घ्या तुमची पेटी. देठ पडलंय." ती घेऊन ती आपल्या खोलीवर आली, जिथे बापाच्या काळापासून पेट्या सोडून फुलं वाटली जायची.

तिथे तिने पेटी टेबलावर ठेवली आणि वरची रांग बाजूला केली. खाली करड्या लोकरीसारखी बुरशी होती. कळ्या हात लावला की मानेपासून गळून पडत होत्या. दुसरी रांग, तिसरी रांग, सगळी पेटी कुजलेली. वरची एक रांग तेवढी दिसायला धड होती, आतून तीही गेलेली.

तिला समजायला फार वेळ लागला नाही. धाकटीची बोटं शहाणी होती, बापाने सांगितलंच होतं. कुजलेली पेटी कोण हिसकावेल?

मग तिने काय केलं ते बघून मी सुद्धा घाबरले, आणि मी सहसा घाबरत नाही. तिने झाडूच्या दांड्याने त्या पेटीला मारायला सुरुवात केली. पुठ्ठा फाटला, कळ्यांचा चिखल भिंतींवर उडाला. मग फळीवरच्या फुलदाण्या. एकेक करून सगळ्या. शेवटी तिने माझ्याकडे बघितलं, मला उचललं आणि नळाखालच्या फुटक्या बादलीत भिरकावलं.

तिथे मी तीन आठवडे होते. चार बोटं पाणी, गंजलेली तार, पाल्याचा गाळ. माझ्या पात्यावर तांबूस ठिपके आले, ते एकमेकांना भेटले, स्प्रिंग आखडली. कुणी विचारलं नाही. आणि यावेळी मला वाईटही वाटलं नाही. बरोबरच आहे, मी म्हटलं. गंजू दे.

थोरली बाजारात जाईना. दुकानदार कसाबसा आपला आपण बाजार करायचे आणि फोन करायचे, ती सांगायची, ताप आहे. तीन आठवड्यांचा ताप कुणाला असतो? दोन दुकानदारांनी स्पष्टच विचारलं, जमणार नसेल तर दुसरा माणूस बघू का? ती म्हणाली, दोन दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी आली. बोटावर पट्टी, हातात गुलाबांची एक जुडी. दारातच उभी राहिली.

"हमालदादाला टाके पडलेत," ती म्हणाली. "म्हणून मीच आले निरोप घेऊन."

थोरलीने टेबल पुसायला घेतलं.

"पाणी विचार की. चार वर्षांनी आलेय."

थोरलीने स्टूल पुढे सरकवलं. "बोट कसं आहे?"

"शेंडा गेला, नखासकट. आणि गंमत बघ, जो नाहीये तोच दुखतो."

थोरलीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. धाकटीने तिला थोडा वेळ हलू दिलं.

मग म्हणाली, "तुझी बोटं केव्हापासून गेलीत?"

"कोण म्हणालं?"

"ताई, तुझ्या अंगठ्यात काटा होता आणि तू चहात फुंकर घालत होतीस. मी समोरच्या टपरीवर होते."

थोरलीने ठिबकणारा नळ घट्ट पिळला. "दोन वर्षं," थोरली म्हणाली.

"दुकानदारांना माहीत आहे?"

"नाही. तू सांगितलंस?"

"मला सांगायचं असतं तर मनगट कशाला धरलं असतं? तिथूनच ओरडले असते, अगं ठेव ती पेटी, तुझ्या बोटांना कळत नाहीये. साखरतोंड्याने जेवणाच्या वेळेपर्यंत पंचक्रोशीत पोचवलं असतं."

"मग कानात सांगायचंस."

"कानात सांगायला बोलणं चालू असावं लागतं."



धाकटीने जुडीतला एक गुलाब काढला. "आता माझीही पंचाईत झालीय. हेच बोट माझं दाबायचं होतं. डाव्या हाताला सवय नाही. परवा वैतागून असं केलं." आणि तिने कळीची मान आपल्या खालच्या ओठावर टेकवली आणि ओठांनी हळूच दाबली. "ओठाला सगळं कळतं. बोटापेक्षा जास्त. करून बघ."

"वेड लागलंय तुला."

"कर गं."

थोरलीने गुलाब घेतला. ओठांना लावला. मी बादलीतून बघत होते. आधी तिचा चेहरा तसाच होता, दगडासारखा. मग तिने डोळे मिटले. दुसरा गुलाब घेतला. तिसरा घेतला. चौथा ओठाला लावला आणि थबकली.

"हा मऊ आहे," ती म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "हा आतून गेलाय."

"मुद्दाम घातला होता मी," धाकटी म्हणाली.

थोरलीने तो गुलाब टाकला नाही. उरलेली सगळी जुडी, एकेक करून, ओठांना लावत राहिली, दोन वर्षांची उपाशी असल्यासारखी.

मग धाकटीने विचारलं, "कात्री कुठाय?"

"फेकली."

"कुठे?"

थोरलीने बादलीकडे बोट केलं. धाकटीने गाळात हात घातला, मला बाहेर काढलं, उलटसुलट बघितलं. मला वाटलं आता ही मला रस्त्यावर भिरकावणार, तिचा हक्कच होता. ती दगड घेऊन बसली आणि घासायला लागली. पट्टीच्या बोटाने धड धरता येत नव्हतं, तरी घासत राहिली.

"घेऊन जा तू ती," थोरली म्हणाली. "तुलाच हवी होती."

"नको. माझ्याकडे असती तर एव्हाना मीच तुझं बोट कापलं असतं."

दुसऱ्या दिवशी थोरली बाजारात गेली. पाचपैकी तीन दुकानदार मुद्दाम बघायला आले होते, बाई ठीक आहे की नाही. ती साखरतोंड्याच्याच गाळ्यासमोर उभी राहिली, गुलाब उचलला आणि ओठांना लावला. सगळी शेड थांबली. मग हसायला लागली.

"काय बाई," साखरतोंड्या म्हणाला, "लग्न ठरलं का गुलाबाशी?"

"तुझ्या मालाशी लग्न केलं तर दुसऱ्या दिवशी विधवा होईन," थोरली म्हणाली आणि गुलाब त्याच्या पेटीत परत टाकला.

आता शेड साखरतोंड्याला हसत होती. पण एक दुकानदार पुढे आला. "ताई, हे ओठांनी कशाला? बोटांनी बघायच्या ना तुम्ही?"

मी तिच्या पिशवीत होते. तिने पिशवीवरूनच मला चाचपलं. तिने धाकटीकडे बघितलं. धाकटी या वेळी पुढे आली नाही, हात बांधून उभी राहिली.

"बोटांना कळत नाही," थोरली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "दोन वर्षं झाली. म्हणूनच बहिणीचं बोट कापलं गेलं. ती पेटी चोरत नव्हती, कुजलेली पेटी घेण्यापासून मला अडवत होती. आता मी ओठांनी निवडते. कुणाला दुसरा माणूस बघायचा असेल त्याने बघावा."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. तीन दुकानं राहिली. दोन खरंच गेली, आणि गेली कुठे तर सरळ धाकटीकडे. धाकटीने काम घेतलं, याद्या घेतल्या, आणि पेट्या मात्र देठ पाडायच्या आधी थोरलीपुढे आणून ठेवायला लागली. "ताई, हिच्यावर जरा ओठ टेकव." त्या दोन दुकानदारांना हे अजून माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

आता माझं म्हणणं ऐका, मग गेलात तरी चालेल. धारेची वस्तू वापरली की पुसा, तेल लावा, मिटवा, खिट्टी लावा आणि मगच खाली ठेवा. आमच्या पोटात राग नसतो, पण तुमचा राग आमच्यातून फार लवकर आरपार जातो. ज्याच्या हातात कात्री आहे त्याचा हात कधी हिसकावू नका. आणि घरात कुणाशी अबोला असेल तर एवढा लांबवू नका की गरजेच्या दिवशी सांगायला तोंडच उरणार नाही आणि हात पुढे करावा लागेल. तोंड उघडायला धार लागत नाही, मित्रांनो. माझ्यावर विश्वास ठेवा, धारेतलं मला कळतं.